लक्षद्वीपचं खोटं परमिट: निवृत्त गुरुजींनो, पैसे भरण्याआधी हे वाचा

लक्षद्वीपच्या सहलीच्या नावाखाली परभणीत आमच्या घरची आणि ओळखीतली माणसं लुबाडली गेली. तोच माणूस आता हिंगोली-जिंतूरकडे ग्रुप जमवतोय असं कानावर आलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचे आण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायचे. ज्या बेटांबद्दल आयुष्यभर मुलांना सांगितलं, ती एकदा डोळ्यांनी बघायची, एवढीच त्यांची हौस. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे जाऊन आले आणि तेव्हापासून लक्षद्वीपचं नाव आमच्याकडे घरोघरी झालं. हा एजंट ओळखीतूनच आला. आण्णांच्या सोबतच्या निवृत्त गुरुजींचा ग्रुप त्याने आधीच जमवला होता. माणशी ३८,००० रुपये. आधी बयाणा घेतला. मग एका सकाळी फोन, ‘गुरुजी, परमिट वर अडकलंय, आज सगळे भरले तरच निघेल.’ ग्रॅच्युइटीतले पैसे गेले.

खरी गोम या परमिटातच आहे. लक्षद्वीपला परमिट लागतं, हे खोटं नाही. तिथले बहुतेक रहिवासी अनुसूचित जमातीचे आहेत आणि त्यांच्या संरक्षणासाठी १९६७ पासून प्रवेशावर निर्बंध आहेत. ३६ बेटांपैकी वस्ती फक्त १० बेटांवर. २०११ च्या जनगणनेत सगळ्या बेटांची मिळून लोकसंख्या ६४ हजारांच्या आसपास होती, बित्रा बेटावर तर अवघी २७१. चौकशी करावी तर तिकडे कुणाच्या ओळखीचं कोण असणार? खऱ्या नियमाच्या आडून हा माणूस खोटा कागद विकत होता. असल्या माणसाला माझ्या लेखी माफी नाही.

व्हॉट्सअॅपवर परमिटची पीडीएफ आली, वर अशोकस्तंभ, खाली शिक्का. सिकंदराबादपर्यंत रेल्वे, पुढे कोचीपर्यंत विमान, हे सगळं नीट झालं, कारण ती तिकिटं आम्हीच काढली होती. कोचीहून पुढचं विमान त्याने ‘कोची ते मिनिकॉय’ असं दिलं होतं. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, मिनिकॉयला विमानतळच नाही. अख्ख्या लक्षद्वीपमध्ये विमान उतरतं ते अगत्तीला, बाकी बेटांवर जहाजाने किंवा बोटीने जावं लागतं. तिथून आम्ही कोचीतल्याच विलिंग्डन बेटावरच्या लक्षद्वीप प्रशासनाच्या कार्यालयात गेलो. त्यांनी कागद पाहिले. सगळ्यांच्या परमिटवर एकच नंबर, आणि तोही त्यांच्या नोंदीत नाही. आण्णा बाहेरच्या बाकावर बसून राहिले. काही बोलले नाहीत. एजंटचा फोन तोवर बंद झाला होता.

परतल्यावर त्याचं माहितीपत्रक पुन्हा वाचलं. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटाच्या किनाऱ्यावर बिअर मिळेल असं त्यात छापलंय. लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे, सूट आहे ती बंगाराम या बेटावर. तुमच्या हातात असलं पत्रक पडलं तर विमान कुठे उतरतं आणि दारूबद्दल काय लिहिलंय, या दोन ओळी आधी बघा. परमिटचा अर्ज लक्षद्वीप प्रशासनाच्या ई-परमिट संकेतस्थळावर आपला आपल्याला करता येतो. एजंटमार्फतच जायचं असेल तर परमिट आणि जहाजाचं किंवा विमानाचं तिकीट तुमच्या नावाने हातात येऊन, ते मूळ ठिकाणी पडताळून होईपर्यंत बयाण्यापलीकडे एक रुपया देऊ नका. पैसे कुणाच्या खात्यात मागतोय तेही बघा. आमचे यूपीआयने गेलेले पैसे एका भलत्याच बाईच्या बचत खात्यात जमा झालेत.

पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर कराल तितकी ते खातं गोठवण्याची शक्यता जास्त. पोलीस ठाण्यात आम्हाला आधी ‘हा तुमचा आपसातला व्यवहार’ म्हणून परत पाठवलं. मग भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली लेखी अर्ज दिला आणि पोच घेऊनच उठलो. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार टाकतोय.

त्या माणसाला तुम्ही पैसे दिले असतील तर पावती, पीडीएफ आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुसू नका. तुमच्या ठाण्यात वेगळी तक्रार द्या आणि अर्जात परभणीच्या तक्रारीचा उल्लेख करा.