फ्लॅशशिवाय हॉलमधले खेळ: ७०-२०० एफ/२.८ झूम की ८५ आणि १३५ची जोडी?

हॉलमधल्या खेळांसाठी कोणती लेन्स घ्यावी असे विचारले की पहिले उत्तर ७०-२०० एफ/२.८ हेच येते, म्हणजे ७० ते २०० मिमीची झूम; एफपुढचा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड आत येतो. उत्तर चुकीचे नाही. टीव्हीवर दिसणाऱ्या सामन्यांच्या हॉलमध्ये या एका लेन्सवर अख्खा दिवस निघतो. पण शाळा-कॉलेजच्या स्पर्धा, क्लबचे सामने, निवड चाचण्या जिथे होतात तिथला उजेड बहुतेक वेळा त्याच्या एक चतुर्थांशही नसतो. अशा ठिकाणी ८५ एफ/१.८ आणि १३५ एफ/१.८ (किंवा एफ/२) या दोन प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या, लेन्सचा विचार करावाच लागतो.

म्हणून आधी हॉल मोजा, लेन्स नंतर. कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/१०००, अपर्चर एफ/२.८. आता खेळाडूचा चेहरा नीट उजळ दिसेपर्यंत आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवत न्या. मोजताना चेहराच बघा, पूर्ण फ्रेम नव्हे. मागे काळोखी गॅलरी असेल तर कॅमेऱ्याचे मीटर फसते आणि चेहरे पांढरे पडतात. कोर्टाच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांत मोजा. दिवे मधोमध टांगलेले असतील तर कोपऱ्यात एक स्टॉप (म्हणजे निम्मा उजेड) सहज कमी होतो. आकडा ३२००च्या आत थांबला तर झूम घ्या आणि हा लेख इथेच सोडून दिला तरी चालेल. ६४००च्या आसपास तळ्यात-मळ्यात. १२८०० दिसला तर पुढचे वाचा.

१/१००० हा आकडा का, हेही सांगायला हवे. बास्केटबॉल किंवा जिम्नॅस्टिक्समध्ये १/८०० चालून जाते. मॅटवरच्या कबड्डीत १/६४०वरही चांगल्या फ्रेम निघतात, कारण पकड बसली की सगळे क्षणभर थबकतात. बॅडमिंटन, टेबल टेनिस आणि व्हॉलीबॉलच्या स्पाइकमध्ये मात्र १/१०००च्या खाली मनगट आणि पंजा पुसट होतो. तरी शटल गोठवण्याच्या मागे लागू नका. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा वेग २०२३ मध्ये ताशी ५६५ किमी नोंदला गेला. त्या वेगाने शटल सेकंदाच्या हजाराव्या भागातही सुमारे १६ सेमी पुढे जाते. चेहरा आणि हात धारदार आले की फोटो झाला.

आता तुलना. एफ/२.८ आणि एफ/१.८ यांत सव्वा ते दीड स्टॉपचा फरक आहे, नेमका सांगायचा तर एक पूर्णांक एक तृतीयांश. म्हणजे झूमवर जिथे १२८०० लागतो तिथे प्राइमवर ५००० पुरतो. कागदावर हा फरक फार वाटत नाही, आणि आजच्या फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) बॉडींवर १२८००चा फोटो मोबाइलवर पाहिला तर तक्रारीला जागाही दिसत नाही. माझा कौल ज्या एका त्रासामुळे फिरला तो मोबाइलवर दिसतच नाही. तो दिसतो खेळाडूच्या डोळ्यांत.

हॉलचे दिवे डोक्यावर असतात. कपाळ, नाकाचा शेंडा, गालाची हाडे उजळतात, आणि भुवयांखालच्या खोबणीत सावली बसते. चेहऱ्याचे एक्स्पोजर अचूक असले तरी डोळे दीड-दोन स्टॉप खालीच राहतात. मैदानी खेळात आकाश आणि जमीन मिळून ती सावली भरून काढतात, इथे ते काम फक्त फरशी करू शकते. फिक्या लाकडी फरशीवरून थोडा ऊबदार उजेड वर येतो आणि हनुवटीखालचा भाग वाचतो. हिरव्या किंवा गडद निळ्या मॅटवरून उजेड येत नाहीच, उलट हनुवटीला तिचा रंग मात्र लागतो. मग एडिटिंगमध्ये डोळ्यांचा भाग उचलणे आले. १२८००वर काढलेल्या फाइलमध्ये तो एक स्टॉप उचलला की त्या जागेपुरता तुम्ही २५६००वर काढलेला फोटो पाहत असता. बुबुळ आणि पांढरा भाग यांच्यातली कडा विरघळते, पापण्यांचा एक राखाडी पट्टा होतो, खोबणीत जांभळे-हिरवे डाग उठतात. ५०००च्या फाइलमध्ये तीच सावली तितकीच उचलली तर १०००० इतकाच नॉइज (दाणेदारपणा) येतो, आणि नजर कुठे लागली आहे ते स्पष्ट दिसते. खेळाच्या फोटोत चेंडूवर खिळलेली नजर गेली तर उरते काय? माझ्यापुरता प्रश्न तिथेच सुटला.

हे मी प्रयोगशाळेत मोजलेले नाही. माझ्या नजरेला ए४ आकाराच्या प्रिंटवर हा फरक हातभर अंतरावरून कळतो. फोटो फक्त सोशल मीडियावर जाणार असतील तर तुम्हाला तो कदाचित जाणवणारही नाही.

यावर डीनॉइज सॉफ्टवेअरचे उत्तर हल्ली लगेच मिळते, आणि त्यात तथ्य आहे. डीएक्सओचे डीपप्राइम किंवा लाइटरूममधले २०२३ पासूनचे डीनॉइज रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधला नॉइज इतका साफ करते की पाच वर्षांपूर्वीचे फोटो पुन्हा काढून बसावेसे वाटते. जर्सी, हात, पार्श्वभूमी यांच्यासाठी ते उत्तमच आहे. पण खोबणीत मुळात माहितीच नसेल तर सॉफ्टवेअर तिथे अंदाजाने काहीतरी रंगवते, आणि डोळे मेणाचे दिसू लागतात. शिवाय एका फाइलला काही सेकंद म्हटले तरी सामन्यानंतर निवडलेल्या तीनशे फ्रेमना किती वेळ लागतो याचा हिशेब ज्याने त्याने करावा. आणि शटर १/५००वर आणून आयएसओ वाचवला असेल तर हललेला चेहरा कोणतेही डीनॉइज परत आणत नाही.

दोन्ही लेन्सना लागू पडणारी एक गोष्ट इथेच सांगतो. चेहरा वर उचलला जाण्याची वाट बघा. ओव्हरहेड स्मॅशची तयारी, व्हॉलीबॉलमधला सेट, बास्केटखाली रिबाउंडसाठी वर बघणारे तिघे-चौघे, अशा वेळी छताचा दिवा थेट डोळ्यांत उतरतो आणि सावलीचा प्रश्नच मिटतो. सर्व्हिस रिसीव्ह करताना खाली वाकलेला चेहरा हा सर्वांत वाईट.

झूमची बाजू भक्कम आहे ती अंतराच्या बाबतीत. बास्केटबॉलचे कोर्ट २८ मीटर लांब. बेसलाइनवर बसलात तर जवळच्या बास्केटखालचे खेळाडू चार ते आठ मीटरवर आणि पलीकडचे पंचवीस मीटरवर. फुल फ्रेमवर कॅमेरा उभा धरला तर ८५मध्ये आठ मीटरवर सुमारे ३.४ मीटर उंची मावते, म्हणजे उडी मारलेला खेळाडू चेंडूसकट. चार मीटरवर मात्र तो पूर्ण मावत नाही. आणि पंचवीस मीटरवर फ्रेमची उंची साडेदहा मीटर होते. २४ मेगापिक्सेलच्या फाइलमधून तिथला खेळाडू कापून काढला तर त्याची उंची जेमतेम अकराशे-बाराशे पिक्सेल भरते. वेबसाइटला पुरेल, छापायला नाही. २००वर तोच खेळाडू साडेचार मीटरच्या फ्रेममध्ये बसतो. दोन्ही बास्केट सांभाळायचेच असतील, आणि जागा बदलायची मुभा नसेल, तर प्राइमची जोडी तुम्हाला अर्धा सामना हातावर हात धरून बसवेल.

प्राइमवाल्याने एकच बास्केट धरावा आणि खेळ आपल्याकडे येऊ द्यावा. अर्ध्या वेळेनंतर संघ बाजू बदलतात, त्यामुळे दुसरा संघही आपोआप समोर येतो. बॅडमिंटनमध्ये हे आणखी सोपे, कारण कोर्ट १३.४ मीटरचेच आहे. बेसलाइनमागे दोन-तीन मीटरवर बसून पलीकडचा खेळाडू टिपायला १३५ जणू मापून दिल्यासारखी बसते: बारा मीटरवर ३.२ मीटर उंचीची उभी फ्रेम. नेटच्या खांबाजवळ बाजूला बसलात तर ८५. नेटमधून फोकस करताना कॅमेरा जाळीलाच पकडतो, म्हणून छोटा फोकस पॉइंट घेऊन तो नेटच्या पट्टीच्या वर ठेवा. एफ/१.८वर जाळीही जास्त विरघळते, हा वरकड फायदा.

एफ/१.८वर फोकसची खोली, म्हणजे पुढेमागे धारदार राहणारा भाग, फारच कमी पडेल ही भीती मात्र या अंतरांवर टिकत नाही. ८५ एफ/१.८वर आठ मीटर अंतरावर खोली साधारण ९५ सेमी असते. ७०-२००च्या २०० टोकाला, एफ/२.८वर, दहा मीटर अंतरावर ती ४२ सेमीच्या आसपास भरते. १३५ एफ/१.८वर त्याच दहा मीटरला ५९ सेमी. अर्थात खेळाडू फ्रेममध्ये सारखाच मोठा ठेवला तर झूमला दीडपट खोली मिळते, हे मान्य. पण जो झूम २००वर वापरतो त्याने प्राइमच्या खोलीला घाबरण्याचे कारण नाही.

फोकसचा वेग मात्र जरूर तपासा, कारण इथे प्राइम घेणारे फसतात. ७०-२०० एफ/२.८ या लेन्स खेळासाठीच बनवलेल्या असतात आणि त्यांच्या मोटरी तशाच असतात. ८५ ही बहुतेक कंपन्यांच्या मते पोर्ट्रेटची लेन्स. कॅननची जुनी ईएफ ८५ एफ/१.८ आणि सोनीची एफई ८५ एफ/१.८ धावत्या खेळाडूला धरून ठेवतात. कॅननची आरएफ ८५ एफ/२ मॅक्रो मात्र या कामाला घेऊ नये. मॅक्रोमुळे फोकसचा प्रवास लांब आहे, एकदा हुकला की या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत येईपर्यंत रॅली संपते. ईएफ ८५ एफ/१.२ एल तर जड काचेमुळे त्याहून संथ. जास्त उघडणारी लेन्स म्हणजे जास्त चांगली, हा हिशेब इथे चुकतो. १३५मध्ये सोनीची एफ/१.८ जीएम आणि कॅननची आरएफ एफ/१.८ दोन्ही भरवशाच्या. जुनी ईएफ १३५ एफ/२ एल अजूनही चांगली साथ देते.

बॉडीबद्दल थोडक्यात, पण एक बाब सोडून चालणार नाही: दिव्यांची लुकलुक. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात, ६० हर्ट्झवर १२० वेळा. १/१००० शटरवर कधी शिखर सापडते, कधी दरी, म्हणून लागोपाठच्या दोन फ्रेम उजेडात आणि रंगातही वेगळ्या निघतात. यांत्रिक शटरचा पडदाही फ्रेम ओलांडायला काही मिलिसेकंद घेतो, त्यामुळे एकाच फ्रेमचा अर्धा भाग पिवळा पडू शकतो. अँटी-फ्लिकरची सोय २०१४ मध्ये कॅननच्या ७डी मार्क २ मध्ये आली आणि आता बहुतेक चांगल्या बॉडींमध्ये आहे. ती चालू ठेवा. बर्स्टचा (लागोपाठ फ्रेम घेण्याचा) वेग थोडा घटतो, पण शटर प्रत्येक वेळी शिखराजवळ उघडते. साध्या सेन्सरवर सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नका, आडवे पट्टे येतात आणि रॅकेटही वाकडी दिसते. व्हाइट बॅलन्स कोर्टाच्या मध्यावर पांढऱ्या कागदावरून पक्का करा, ऑटोवर सोडू नका.

एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान सेन्सरची) बॉडी असेल तर माझा कल आणखी स्पष्ट आहे. तिथे नॉइज एक स्टॉपहून जास्त वाढतो, आणि ७०-२०० ही १०५-३०० किंवा त्याहून लांब होऊन बसते, जी बेसलाइनवरून जवळच्या खेळाडूला फारच अरुंद. ८५ तिथे १३०च्या आसपासचे काम करते आणि ५० एफ/१.८ जवळचे. म्हणजे १३५ घ्यायचीही गरज उरत नाही.

वजनाची तुलना प्राइमच्या बाजूने करणारे थोडी फसवणूक करतात. सोनीचेच उदाहरण घ्या: ८५ आहे ३७१ ग्रॅम, १३५ जीएम ९५० ग्रॅम, आणि ७०-२०० जीएम २ आहे १०४५ ग्रॅम. पिशवीत जोडीच जड. हातात मात्र तीन तास ८५ धरणे आणि झूम धरणे यांची तुलनाच नको. स्टॅबिलायझेशनचा मुद्दा दोन्हीकडे गौण, १/१०००वर हात हलण्याचा प्रश्न येत नाही.

मधला मार्गही आता आहे. सोनीची २०२५ मध्ये आलेली ५०-१५० एफ/२ दोन्ही बाजूंचे बरेचसे देते. वजन आणि किंमत दोन्ही सोसत असतील तर ती बघाच. टॅमरॉनची ३५-१५० एफ/२-२.८ ऐकायला तशीच वाटते, पण ज्या टोकाला खेळ टिपायचा तिथे ती एफ/२.८वरच येऊन थांबते.

ज्यांच्याकडे झूम आधीच आहे त्यांनी एक करावे. गेल्या दोन-तीन सामन्यांतल्या पसंत पडलेल्या फ्रेम निवडा आणि एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंग्थनुसार गाळून बघा. बहुतेक १८०-२००वर असतील तर झूम विकू नका, हवी तर ८५ जोडीला घ्या. बहुतेक ८० ते १४०मध्ये असतील, आणि हॉलचा आकडा ६४००च्या वर असेल, तर आधी ८५ घ्या, तिच्यावर चार सामने काढा, आणि पलीकडचा खेळाडू वारंवार लहान पडतोय असे दिसले तरच १३५कडे वळा.