चकचकीत ॲल्युमिनियम ब्लॉक घेताय? आधी हे वाचा

गाडीच्या इंजिनाचा जुना ॲल्युमिनियम ब्लॉक (सिलिंडर असलेलं इंजिनाचं मुख्य धड) विकणाऱ्याने तो ब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूसारख्या कणांचा मारा करून घासून, वर चंदेरी रंग मारून समोर मांडला असेल, तर पहिला प्रश्न रंगाचाच विचारा. बिडाच्या ब्लॉकला रंग लागतो, कारण बीड गंजतं. ॲल्युमिनियमचं तसं होत नाही, म्हणून हे ब्लॉक बहुतेक करून कारखान्यातून बिनरंगाचेच येतात. मग रंग कशासाठी? मला उत्तर मिळालं, "माल स्वच्छ दिसावा म्हणून, साहेब."

माझ्या गाडीचा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) तुटून ब्लॉकलाच भोक पडलं होतं, त्यामुळे बदलण्यावाचून इलाज नव्हता. अपघातातल्या गाडीचा माल आहे, मार मागून बसलाय, इंजिनला धक्काही नाही, असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं. डोळ्याला आणि हाताला तपासता येतं ते सगळं तपासून घेतलं. बोअरमधल्या (पिस्टन फिरतो त्या भोकातल्या) होनिंगच्या, म्हणजे घासणीच्या बारीक रेषा शाबूत होत्या, वरचा फेस, म्हणजे हेड बसतं ती बाजू, पट्टी लावून पाहिली तर सपाट, मेन बेअरिंगच्या (क्रँकशाफ्ट पेलणाऱ्या बेअरिंगच्या) कॅप जागच्या जागी. गिऱ्हाईक कुठे बघणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तिथे खरोखरच काही खोट नव्हती.

इंजिन बांधलं, कूलंट भरलं, गाडी चालू केली. गार असताना एक थेंब नाही. इंजिन पूर्ण तापलं, कूलंटला दाब आला आणि मग ब्लॉकच्या बाजूला, इंजिन माउंटिंगच्या वर, घाम फुटल्यासारखी ओल दिसायला लागली. आधी वाटलं होजमधून ओघळतंय. पुसलं की परत ओलं. शेवटी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने खरवडलं तर रंगाचा पापुद्रा सुटला आणि खाली राखाडी पुटी. ॲल्युमिनियम खरवडलं की चकाकतं, हिची नुसती भुकटी होत होती. आजूबाजूला कास्टिंगचा बारीक रवाळ पोत होता आणि तेवढाच पट्टा कागदाने घासून गुळगुळीत केलेला. रंगामुळे हा फरक लपला होता. लोहचुंबकाचा इथे काही उपयोग नाही, तो पुटीलाही चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमलाही.

पुटी काढल्यावर आडवा तडा दिसला, वॉटर जॅकेटच्या (सिलिंडरभोवती कूलंट फिरतं त्या पोकळीच्या) बाहेरच्या भिंतीवर, आणि भिंत किंचित बाहेर फुगलेली. अशी खूण बहुतेक वेळा एकाच गोष्टीची असते: कूलंटऐवजी साधं पाणी भरलेली गाडी कडाक्याच्या थंडीत उभी राहिली. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि भिंत फोडतं. म्हणजे अपघाताची गोष्टही बहुधा रचलेलीच.

पुटी हा प्रकारच वाईट, असं मी म्हणणार नाही. कूलंटचा दाब साधारण 1 बार असतो. बाहेरच्या भिंतीवरचा छोटा तडा खोलवर साफ करून चांगल्या इपॉक्सी पुटीने भरला, तर तो बराच काळ टिकू शकतो. पण ते सांगून विका ना, आणि पैसेही त्या हिशोबाने घ्या.

त्यानंतरचा फटका दुरुस्तीवाल्याचा. "आर्गॉन मारून देतो, नव्यासारखा होईल," म्हणाला, म्हणजे आर्गॉन वायूच्या आडोशात वेल्डिंग. तड्यात उरलेली पुटी आणि मुरलेलं तेल तसंच ठेवून त्याने वरून वेल्डिंग ओढलं. टाका काळा पडला, त्यात सुईच्या टोकाएवढी भोकं राहिली आणि ब्लॉक गार होताना टाक्याच्या कडेने नवी चीर गेली. ॲल्युमिनियम साधारण 660 अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर 2000 अंशांच्याही पुढे. तो थर निघाल्याशिवाय धातू धातूत मिसळत नाही. शिवाय ॲल्युमिनियम तापून लालही होत नाही, त्यामुळे किती तापलंय ते रंगावरून कळत नाही आणि अंदाज चुकला की भिंत एकदम खाली बसते. तड्याला व्ही आकाराची खाच पाडली का, दोन्ही टोकांना भोक पाडलं का, ब्लॉक आधी सगळीकडून सारखा गरम केला का, हे विचारल्यावर जो वेल्डर चिडतो, त्याच्याकडून ब्लॉक उचलून आणा. मी उशिरा का होईना, आणला.

दुसऱ्या वेल्डरने हात लावण्याआधी डाय पेनेट्रंट, म्हणजे बारीक तड्यात शिरून तो दाखवणारा रंग, मारलं. लाल रंग पुसून वर पांढरी पावडर फवारली आणि आम्ही बघत होतो. तडा जिथे संपला असं वाटत होतं, त्याच्यापुढे एक केसासारखी लाल रेघ हळूहळू उमटत गेली, थेट हेड बोल्टच्या (हेड ब्लॉकवर आवळणाऱ्या बोल्टच्या) भोकापर्यंत. "इथे बोल्टचा ताण येतो. नुसती बाहेरची भिंत असती तर केलं असतं," म्हणत त्याने काम नाकारलं. शिवाय एवढी उष्णता दिल्यावर बोअर आणि मेन बेअरिंगची लाइन वाकडी होऊ शकते, ती पुन्हा मापून मशीनिंग करावी लागते, हेही त्यानेच सांगितलं. आधीचा हे बोललाच नव्हता.

विकणाऱ्याकडे गेलो तर ठरलेलं उत्तर: "तुम्हीच तापवला असणार." इथे माझ्या कामी आला तो खरवडताना सुटलेला पुटीचा तुकडा. त्याच्या एका बाजूला विकणाऱ्याचाच चंदेरी रंग अजून चिकटलेला होता. तडा मी पाडला असता, तर पुटी रंगाच्या खाली गेली कशी? यावर तो जरा नरमला, बदल्यात दुसरा ब्लॉक घ्या म्हणाला. मी पैशांवर अडून बसलो. बिलावर नुसतं "जुना माल" लिहिलेलं असल्याने सगळे मिळाले नाहीत. म्हणून सांगतो, "तडा किंवा आधीची दुरुस्ती निघाल्यास माल परत" एवढी ओळ बिलावर लिहून घ्या आणि ब्लॉक उघडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

पुढचा ब्लॉक घेताना मी तो आधी प्रेशर टेस्टला नेला. पाण्याच्या वाटा प्लेट आणि रबर लावून बंद करतात, आत हवा भरतात आणि ब्लॉक गरम पाण्यात बुडवतात. गरमच हवं, गार ब्लॉकमध्ये बारीक तडा मिटून बसतो. बुडबुडा कुठून येतो ते सगळ्यांना दिसतं, वाद उरत नाही. टेस्टचा खर्च पास झाला तर माझा, नापास झाला तर विकणाऱ्याचा, असं ठरवून नेला होता. याच अटीवर त्याआधी एका विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं होतं.