टास्किंग मॅनेजर: जीआयएस शिकणाऱ्यांसाठी फुकटातली तालीम, माझा रिव्ह्यू

जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे आणि जागांचा डेटा हाताळणं) नाहीतर रिमोट सेन्सिंग (सॅटेलाइट इमेजवरून जमीन वाचणं) शिकणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, की क्यूजीआयएस (नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर) येतं थोडंफार, प्रॅक्टिकलं झालीत, पण रेझ्युमेत खरं काम म्हणून दाखवायचं काय? मी सरळ सांगतो, ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीमचं म्हणजे हॉटचं टास्किंग मॅनेजर ही वेबसाइट उघडा. बरेच महिने वापरतोय, मॅपिंग पण आणि दुसऱ्यांचं काम तपासणं पण, त्यामुळे चांगलं-वाईट दोन्ही लिहितो.

ज्यांनी बघितलंच नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. भूकंप, पूर, साथ असं काही झालं किंवा लसीकरणवाल्यांना वस्त्याच कुठे आहेत ते माहीत नसलं की त्या भागाचे चौकोन पाडून प्रोजेक्ट टाकतात, आपण ओएसएमच्या (ओपनस्ट्रीटमॅप, कुणालाही भर घालता येणारा जगाचा मोकळा नकाशा) अकाउंटने लॉगिन करायचं, एक चौकोन उचलायचा, तो २ तास आपल्या नावावर लॉक राहतो, तेवढ्यात सॅटेलाइट इमेज बघून घरं-रस्ते काढायचे आणि सबमिट करायचं, मग दुसरा कुणीतरी येऊन तपासतो. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा मदतवाल्यांकडे धड नकाशा नव्हता, जगभरातल्या लोकांनी घरी बसून रस्ते काढून दिले, हॉट त्यातूनच उभी राहिली. एप्रिल २०१५ च्या नेपाळच्या भूकंपात तर हजारो लोक मॅपिंगला बसले होते. म्हणजे आपण काढलेला रस्ता खरंच कुणाच्या तरी उपयोगाला येतो, असाइनमेंटसारखं मार्क देऊन फोल्डरमध्ये पडून राहत नाही.

आता खरी मजा. काम बघितलं तर क्लिक-क्लिक करून चौकोनी घरं काढणं, त्यात काय शिकायचं असं वाटतं ना? चार चौकोन मन लावून करा मग कळतं. इमेज जर तिरकी घेतलेली असेल तर उंच बिल्डिंगचं छप्पर एकीकडे आणि पाया दुसरीकडे दिसतो, अशावेळी छपराचा आकार काढायचा आणि तो आख्खा उचलून पायावर नेऊन ठेवायचा, हे ऑफ-नेडिरचं म्हणजे तिरक्या इमेजचं प्रकरण पुस्तकात एका ओळीत असतं आणि इथे हाताला लागतं. सावली कुठल्या बाजूला पडलीय त्यावरून घर आहे की नुसता ओटा ते ठरवायचं. गवताची गंजी आणि गोल झोपडी वरून जवळपास सारखीच, पण झोपडीकडे पायवाट जाते, अंगण झाडून साफ केलेलं दिसतं, गंजी शेतात एकटी असते.

सगळ्यात जास्त फसवतो तो कोरडा ओढा आणि कच्चा रस्ता. दोन्ही फिक्कट, दोन्ही वळणावळणाचे. बघायचं असं की ओढ्याला बाजूने छोटे फाटे येऊन मिळतात, सगळे उताराच्या दिशेने, आणि काठाने झाडांची रांग असते, रस्ता मात्र कुठल्यातरी वस्तीला जाऊन टेकतो आणि चढावर पण चढतो. ही नजर एकदा बसली ना की पुढे क्लासिफिकेशनसाठी (कॉम्प्युटरकडून इमेजमधलं शेत, पाणी, घर वेगळं करून घेणं) ट्रेनिंग सॅम्पल म्हणजे त्याला दाखवायचे नमुने काढताना जो फरक पडतो तो विचारू नका.

आणि इमेजचं सरकणं! मायक्रोसॉफ्टच्या बिंगची इमेज आणि एसरी कंपनीची इमेज एकमेकींशी जुळतीलच असं नाही, काही मीटर इकडेतिकडे असतात. एकाने एकीवरून रस्ता काढला, दुसऱ्याने दुसरीवरून घरं काढली, झालं, घर रस्त्यात. म्हणून आधी प्रोजेक्टच्या सूचनांमध्ये कुठली इमेज वापरायची ते वाचायचं, जीपीएस ट्रेस (कुणी प्रत्यक्ष फिरून नोंदवलेल्या वाटा) असतील तर बॅकग्राउंड त्याच्यावर जुळवून घ्यायचं, मग काम. सूचना न वाचता सुटणारे इथे रोज भेटतात.

एडिटरचं, म्हणजे ज्यात घरं-रस्ते काढायचे त्याचं म्हणाल तर आयडी (iD) नावाचा एडिटर ब्राउझरमध्येच चालतो, नवीन माणसाला तोच बरा, घर काढून कीबोर्डवर क्यू (Q) दाबलं की कोपरे काटकोनात येतात. हात बसला की जेओएसएम (JOSM) हा दुसरा एडिटर घ्या, दिसायला जुनाट आहे, पण बिल्डिंग टूल्सचा प्लगइन टाकला की स्पीड कुठल्या कुठे जातो आणि अपलोडच्या आधी एकावर एक आलेली घरं, न जोडलेले रस्ते असल्या चुका तोच दाखवतो.

आता तो प्रश्न जो सगळेच विचारतात, एआय घरं काढतंय तर आपण हाताने का काढायची? रास्त प्रश्न आहे. गूगलच्या ओपन बिल्डिंग्जच्या तिसऱ्या व्हर्जनमध्ये १८० कोटी घरांचे आकार आहेत, मायक्रोसॉफ्टने पण स्वतःचा डेटा मोकळा केलाय, २०२२ च्या डिसेंबरात अ‍ॅमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉमने मिळून मोकळ्या नकाशा-डेटासाठी ओव्हर्चर मॅप्स फाउंडेशन काढलं, २०२५ मध्ये गूगल डीपमाइंडचं अल्फाअर्थ आलं ज्यात १० मीटरच्या प्रत्येक पिक्सेलला ती जागा कशी आहे ते सांगणारे ६४ आकडे दिलेत. हॉटचं स्वतःचं फेअर नावाचं टूल आहे, त्यात त्या-त्या भागातल्या घरांवर मॉडेल ट्रेन करता येतं. पण ट्रेन कशावर करणार? माणसाने नीट काढलेल्या घरांवरच. शिवाय मशीन दगडांच्या ढिगाला घर म्हणतं, दाटीवाटीच्या वस्तीत दहा घरांचं एक करून टाकतं, ते ओळखायला कुणीतरी लागणारच. माझं म्हणणं एवढंच की नुसतं घरं काढायचं काम कमी होत जाणार, तपासणाऱ्याला भाव राहणार. त्यामुळे थोडा अनुभव झाला की व्हॅलिडेशनकडे म्हणजे दुसऱ्यांचं काम तपासण्याकडे वळा, एडिटचा आकडा फुगवण्यात काही अर्थ नाही, दहा हजार वाकडी घरं काढणाऱ्याला कोण विचारतंय.

आता रडगाणं. एक, तपासणारे कमी आणि काढणारे जास्त, त्यामुळे तुमचा चौकोन तपासल्याशिवाय बरेच दिवस तसाच राहू शकतो, फीडबॅक मिळत नाही, आणि शिकणाऱ्याला तर तोच हवा असतो. दोन, मॅपेथॉन (बऱ्याच लोकांनी एकत्र बसून मॅपिंग करायचा कार्यक्रम) झाली की त्या संध्याकाळचा कचरा साफ करायला तपासणाऱ्यांचा जीव जातो, यात टूलचा दोष कमी आणि अर्ध्या तासाच्या ट्रेनिंगवर पन्नास लोक बसवणाऱ्यांचा जास्त. तीन, काही ठिकाणी इमेज जुनी किंवा ढगाळ, तेव्हा सरळ इमेज खराब म्हणून सबमिट करायचं, अंदाजाने काढायचं नाही. (ढगांचा वैताग आलेल्यांनी नायसारकडे लक्ष ठेवा, नासा-इस्रोचा हा रडार सॅटेलाइट ३० जुलै २०२५ ला गेलाय, ढगातून आणि रात्री पण बघतो, डेटा फुकट. त्यावर घरं काढता येणार नाहीत, पण पूर आणि जमिनीचं खचणं शिकायचं असेल तर हीच वेळ आहे.) चार, इथे अ‍ॅनालिसिस काहीच नाही. ते तुम्हालाच करावं लागतं.

करायचं असं की ज्या भागात काम केलं तिथलाच डेटा क्विकओएसएम प्लगइनने क्यूजीआयएसमध्ये ओढा, दवाखान्यापासून कुठली वस्ती किती लांब ते काढा, फक्त अंतर मोजायच्या आधी प्रोजेक्शन बदला, ४३२६ मध्ये (हा अक्षांश-रेखांशवाल्या पद्धतीचा नंबर) मोजलं तर उत्तर डिग्रीत येईल. तो नकाशा आणि त्याखाली चार ओळी, डेटात काय राहिलंय ते लिहिलेलं, हे रेझ्युमेत सर्टिफिकेटपेक्षा भारी दिसतं. तुमचे चेंजसेट (ओएसएमवर एका वेळी अपलोड केलेले बदल) तसेही सगळ्या जगाला उघडे असतात, इंटरव्ह्यू घेणाऱ्याला लिंक देता येते, त्यामुळे चेंजसेटवर कमेंट नीट लिहा.

संधींचं पण सांगतो. यूथमॅपर्स हे २०१४ पासूनचं मॅपिंग करणाऱ्या विद्यार्थ्यांचं नेटवर्क आहे, कॉलेजात चॅप्टर काढता येतो, पण ज्या यूएसएडच्या (अमेरिकन सरकारची परदेशांना मदत देणारी संस्था) पाठबळावर ते सुरू झालं तीच २०२५ मध्ये बंद पडली, म्हणून फेलोशिपची जुनी पोस्ट बघून हुरळून जाऊ नका, चालू आहे का ते आधी बघा. कोडिंग येत असेल तर गूगल समर ऑफ कोडमध्ये (ओपनसोर्स प्रोजेक्टवर मानधन घेऊन कोडिंग) ओएसजिओ ही ओपनसोर्स जीआयएसची संस्था बरीच वर्षं आहे, आणि २०२२ पासून विद्यार्थीच पाहिजे अशी अट नाही, १८ पूर्ण आणि ओपनसोर्समध्ये नवखे असलात तरी चालतं. फॉसफोरजी (ओपनसोर्स जीआयएसची) आणि स्टेट ऑफ द मॅप (ओएसएमची) या कॉन्फरन्सना प्रवासासाठी ग्रँट-स्कॉलरशिप असतात, तिथे फॉर्म भरताना आधी केलेलं काम विचारतात, मग हे चेंजसेट कामाला येतात. थिअरी कच्ची असेल तर नासाचं आरसेट बघा, फुकट ट्रेनिंग, रेकॉर्डिंग पण मिळतं, होमवर्क केलं तर सर्टिफिकेट.

माझे ५ पैकी ४. एक कापला तो फीडबॅकसाठी. पहिल्यांदा जाताय तर प्रोजेक्ट लिस्टमध्ये सोपे वाले फिल्टर करा, घरं विरळ असलेला चौकोन घ्या, शहराचा नको, आणि २ तासांत पूर्ण नाही झाला तर अर्धवट आहे असं सांगून सोडा, पूर्ण झाला म्हणून खोटं सबमिट करू नका. लॅपटॉपच नसेल तर मोबाइलवर मॅपस्वाइप टाका, तिथे काढायचं काही नाही, इमेज बघून घर आहे की नाही एवढंच सांगायचं.