डिझेल इस्टेट गाडी: ११ महिने, २७ टाक्या आणि खरं अ‍ॅव्हरेज

गाडी घ्यायच्या आधी मी दिसेल त्याला विचारत होते की डिझेल इस्टेट (मागे लांब डिकीची गाडी) खरंच किती अ‍ॅव्हरेज देते, आणि प्रत्येकाने वेगळा आकडा सांगितला. तेव्हाच ठरवलं की आपली आली की पहिल्या टाकीपासून वहीत लिहायचं आणि मगच बोलायचं. आता आमच्या स्कोडा ऑक्टाव्हियाला ११ महिने आणि १३,८०० मैल झालेत, म्हणून लिहितेय.

आम्ही इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहतो. मी आठवड्यातून दोन दिवस कॉव्हेंट्रीला ऑफिसला जाते, जाऊन येऊन नव्वद मैल, बहुतेक सगळा मोटरवे. बाकी शाळा, दुकान, हीथ्रोला कुणाला आणणं-सोडणं, आणि गणपतीच्या आधी दोन महिने दर रविवारी ढोलपथकाची प्रॅक्टिस. नवऱ्याला एसयूव्ही हवी होती पण ढोल म्हटला की रुंदी लागते, आणि उंच डिकीत तो उचलून ठेवायचा म्हणजे कंबरेचं काम. बाबांना फोनवर इस्टेट म्हणजे काय ते कळेना, मग म्हटलं आपल्याकडे २००४ ला टाटाची इंडिगो मरिना आली होती ना, तशी, मागे डिकी लांब. लगेच कळलं.

बघितल्या तीन-चार. फोक्सवॅगनची पसाट इस्टेट (बी८ मॉडेल) फार आवडली होती, डिकी ६५० लिटर, टाकी ६६ लिटरची, पण आमच्या बजेटमध्ये मिळत होत्या त्या खूप जास्त चाललेल्या, आणि ऑक्टाव्हियापेक्षा दहा सेंटीमीटर लांब, आमच्या ड्राइव्हवेत तेवढंही जास्तच. फोर्डची मॉन्डेओ इस्टेट बसायला मस्त, पण डिकी कागदावरच ऑक्टाव्हियापेक्षा कमी. शेवटी स्कोडा ऑक्टाव्हिया इस्टेट, २०१६ ची, २.० टीडीआय १५० (म्हणजे २ लिटरचं डिझेल इंजिन, १५० हॉर्सपॉवर), मॅन्युअल. डिकी ६१० लिटर, सीट पाडल्या की १,७४०.

२०१६ ची मुद्दाम घेतली. १ एप्रिल २०१७ च्या आधी रजिस्टर झालेल्या गाड्यांना रोड टॅक्स धुरातल्या सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड) हिशोबाने लागतो, त्यामुळे आम्हाला अगदी कमी पडतो, नंतरच्या गाड्यांना वर्षाला सरसकट मोठी रक्कम. दुसरं म्हणजे युरो ६, धुराबद्दलचं युरोपचं मानक. हाउन्स्लोला मावशी राहते, २९ ऑगस्ट २०२३ पासून युलेझ (जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना रोजचे पैसे भरायला लावणारा झोन) अख्ख्या लंडनला लागू झालं, डिझेल युरो ६ नसेल तर दिवसाला साडेबारा पाउंड. चार वेळा मावशीकडे जेवायला गेलो तर पन्नास पाउंड, म्हणजे जवळजवळ एक टाकीच गेली. घ्यायच्या आधी युलेझच्या वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकून बघा, सेकंदाचं काम आहे. आणि २०१५ च्या फोक्सवॅगनच्या एमिशन प्रकरणातलं (धुराच्या टेस्टमधली फसवणूक) इंजिन ते ईए१८९, ह्यात त्याच्या पुढचं ईए२८८ आहे, हे पण बघून घेतलं होतं.

आता मुख्य. दर वेळी टाकी फुल ते फुल, शक्यतो त्याच सुपरमार्केटच्या पंपावर, पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, लिटर आणि मैल लिहायचे. २७ टाक्या, १,२२० लिटर. म्हणजे ५१.४ एमपीजी (गॅलनला मैल), आपल्या भाषेत लिटरला १८.२ किलोमीटर. (इथला गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकेचा ३.७८५ चा, त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून तुलना करू नका. इथल्या एमपीजीला ०.३५४ ने गुणा, किलोमीटर येतात.) डॅशबोर्ड मात्र पूर्ण काळाचं ५४.५ दाखवतो, म्हणजे सहा टक्के जास्त. आणि कंपनीचा कागद जुन्या एनईडीसी टेस्टचा (लॅबमध्ये घेतलेली), त्यात साठच्या पुढचा आकडा आहे, तो मला फक्त एकदाच जवळून दिसला, मे महिन्यात नुसता मोटरवे आणि ताशी ६५ मैलांच्या स्पीडने, ५८.

पण हा सरासरी आकडा घेऊन गाडी घेऊ नका, खरी गोष्ट त्याच्या आत आहे. स्कॉटलंडला गेलो चौघं, डिकी गच्च, वर रूफबॉक्स, ४४. रूफबॉक्स नंतर दोन आठवडे आळसाने तसाच राहिला, रिकामा, तरी एका टाकीत मैल कमी झाले, काढल्यावर परत ५१-५२. आणि सगळ्यात वाईट जानेवारीत. मी महिनाभर घरून काम केलं, गाडी फक्त शाळा आणि दुकान, एकेक दोन-दोन मैल, बाहेर शून्य डिग्री. ३९ आलं. लिटरला १३.८.

त्यातच एक दिवस शाळेसमोर उभी असताना लक्षात आलं की इंजिन रोजच्यापेक्षा वर फिरतंय, काटा हजारावर, गाडी थांबली तरी स्टार्ट-स्टॉप इंजिन बंद करत नाही, आणि घरी येऊन चावी काढली तरी पुढचा पंखा घुंऽऽ करत पाच मिनिटं चालूच, जरासा जळका गरम वास. मी घाबरले. ते डीपीएफचं (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) रिजनरेशन होतं, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळायला इंजिन जास्तीचं डिझेल टाकतं, आणि मी दोन मैलांवर गाडी बंद करून ते दर वेळी अर्ध्यात तोडत होते. आठवड्याने पिवळा दिवा लागला. मॅन्युअल वाचलं, एम१ मोटरवेला काढली, खालच्या गिअरमध्ये दोन हजाराच्या वर ठेवून वीस-पंचवीस मिनिटं चालवली, दिवा गेला. गाडीचा दोष नाही, मी चुकीच्या कामाला जुंपली होती. म्हणून कुणी विचारलं की फक्त शाळा-दुकान आहे, डिझेल घेऊ का, तर मी स्पष्ट नाही म्हणते, पेट्रोल किंवा हायब्रिड इस्टेट बघा.

इंजिन १.६ लिटरचं की २.० चं हा प्रश्न पण सगळ्यांना पडतो. कागदावर १.६ पुढे आहे. मैत्रिणीकडे १.६ आहे, एकटीने चालवते तेव्हा माझ्यापेक्षा तीन-चार जास्त मिळतात, पण चौघं आणि सामान घेऊन वेल्सच्या डोंगरात गेलो दोघी सोबत, तर तिला सारखा गिअर खाली घ्यावा लागत होता आणि परत आल्यावर दोघींचा आकडा एकच. लोड नेहमी असेल तर २.० च घ्या.

ढोलाचं सांगायचं राहिलं. डिकीतच बाजूला खटके आहेत, ओढले की मागची सीट धप्पकन पडते, आणि चार ढोल, दोन ताशे, झेंड्याच्या काठ्या तिरक्या, सगळं आत. विसर्जनाच्या दिवशी पावसात ढोलांची पानं कोरडी राहिली ती ह्या गाडीमुळे, हे मी कधी विसरणार नाही. आणि डिझेलच्या झाकणाच्या आत बर्फ खरवडायची छोटी हिरवी पट्टी खोचलेली असते, जानेवारीत रोज सकाळी तीच हातात.

वरचा हिशोब नुसत्या डिझेलचा आहे, कॅमबेल्ट (इंजिनातला टायमिंगचा पट्टा) त्यात धरलेला नाही. तो आणि वॉटर पंप पुढच्या महिन्यात करायचाय, दोन गॅरेजचे कोटेशन आलेत, तिसऱ्याची वाट बघतेय. बिल आलं की मैलामागे किती पडलं ते इथेच खाली टाकते.