कोड बदलला: रीस्टार्ट, हप की यूएसआर२?

पायथनचं वेब ॲप गनिकॉर्नवर (ते चालवणाऱ्या सर्व्हर प्रोग्रॅमवर) चालतंय, पुढे एन्जिनएक्स (बाहेरून आलेल्या रिक्वेस्ट गनिकॉर्नकडे पाठवणारा वेब सर्व्हर) आहे आणि नवा कोड सर्व्हरवर चढवून झालाय. एन्जिनएक्स रीलोड करून काही होणार नाही, तो फक्त स्वतःचं कॉन्फिग पुन्हा वाचतो. जे करायचं ते गनिकॉर्नलाच.

रीस्टार्ट सगळ्यात सरळ. मास्टर (वर्कर सांभाळणारी मुख्य प्रोसेस) जातो, वर्कर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस) जातात, सगळं नव्याने उभं राहतं. मधल्या वेळात आलेल्यांना बहुधा ५०२ हा एरर दिसतो. पण सिस्टमडीमधले (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेतले) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलले असतील किंवा पायथनचीच आवृत्ती बदलली असेल, तर रीस्टार्टच करा.

हप (HUP) हा चालू प्रोसेसला पाठवायचा सिग्नल. तो मास्टरला दिला की मास्टर तोच राहतो. नवे वर्कर उठतात, जुने हातातली रिक्वेस्ट संपवून निघतात. त्यासाठी त्यांना डिफॉल्टने ३० सेकंद मिळतात. रोजच्या बदलांना मी हेच वापरतो, मात्र आधी गनिकॉर्नचं प्रीलोड हे सेटिंग बंद आहे ना ते बघतो. प्रीलोड चालू असेल तर ॲप मास्टरनेच लोड करून ठेवलेलं असतं, म्हणून नव्या वर्करलाही जुनाच कोड मिळतो. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे: पीएस (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) लावला की वर्करचे पीआयडी (प्रोसेसचे क्रमांक) बदललेले दिसायचे, लॉगमध्ये एरर नाही, आणि ब्राउझरमध्ये मात्र कालचंच पान.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. नव्या कोडमध्ये एखादा इम्पोर्ट तुटलेला असेल तर वर्कर बूटच होत नाही, आणि मग मास्टर स्वतःही बंद पडतो. म्हणजे हप दिला तरी साइट पूर्ण झोपू शकते.

इथे यूएसआर२ (USR2) हा दुसरा सिग्नल उजवा ठरतो. जुना मास्टर चालू ठेवून शेजारी नवा मास्टर उभा राहतो. नवा कोसळला तरी जुना रिक्वेस्ट घेत राहतो. प्रीलोड असलं तरी कोड नवाच येतो. नवा नीट चालतोय हे बघून जुन्याच्या वर्करना विंच (WINCH) सिग्नलने थांबवायचं (गनिकॉर्न डीमन मोडमध्ये चालत असेल तरच हा सिग्नल लागू पडतो) आणि शेवटी जुन्या मास्टरला टर्म (TERM), म्हणजे बंद होण्याचा सिग्नल द्यायचा. तोवर मेमरी जवळपास दुप्पट लागते. लहान सर्व्हरवर हे आधी तपासा.

डेटाबेसमधल्या कॉलमचं नाव बदलत असाल तर हप आणि यूएसआर२ दोन्ही अडचणीचे, कारण थोडा वेळ जुना आणि नवा कोड एकाच टेबलावर चालतो. अशा वेळी मी वर्दळ कमी असताना सरळ रीस्टार्ट करतो.