सीएनजी गाडीत इरिडियम प्लग: ९ महिने, १३ हजार किमी झाले

गाडी सीएनजीवाली, फोर सिलिंडर, रोजचा रूट कासारवडवली ते ऐरोली, म्हणजे अर्धा वेळ फर्स्ट-सेकंडमध्येच. आधीचे साधे निकेलचे स्पार्क प्लग ३१ हजार किमी चालले आणि मग सकाळी माजिवड्याच्या फ्लायओव्हरवर चढताना गॅसवर मिसिंग मारायला (झटके देत अडखळायला) लागली, बटण दाबून पेट्रोलवर घेतली की एकदम शहाणी. कारण गॅस पेटवायला व्होल्टेज जास्त लागतं, त्यामुळे गॅप (ठिणगी पडते ती फट) वाढलेला प्लग आधी गॅसवरच उघडा पडतो. माझा १.३ एमएमला गेलेला, मॅन्युअलमध्ये १.० ते १.१ आहे. आणि दोनच महिन्यांपूर्वीच्या सर्व्हिसच्या जॉबकार्डवर 'प्लग चेक' म्हणून टिक! प्लगच्या डोक्यावर बसणाऱ्या, त्याला करंट देणाऱ्या कॉइलच्या बोल्टवर धुळीचा थर जसाच्या तसा, पाना लागल्याची खूणसुद्धा नाही, काय चेक केलं देव जाणे.

मग इरिडियम घेतले, चारचे अडीच हजार गेले. ओळखीच्या मेकॅनिकदादाने सोसायटीच्या पार्किंगमध्येच बसवले, पण आधी तासभर थांबवलं, "साहेब गार होऊ द्या, इंजिनचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गरम खोललं तर आटे जातील." हवा मारून प्लगच्या खड्ड्यातली माती उडवली, प्लग शेवटपर्यंत हातानेच फिरवत नेला, पाना फक्त शेवटच्या अर्ध्या-पाऊण फेऱ्याला.

मिसिंग त्याच दिवशी गेलं ते आजपर्यंत नाही. अ‍ॅव्हरेज वाढेल म्हणून घेणार असाल तर मात्र राहू द्या, मिसिंगच्या आधी जे मिळायचं तेच मिळतंय, पिकअपचंही तसंच.

गेल्या रविवारी स्वतः खोलून बघितले. गॅप मोजायची पट्टी (फीलर गेज) घुसवली नाही, इरिडियमचं टोक जेमतेम ०.६ एमएमचं असतं, तुटलं की प्लग कचऱ्यात, म्हणून मोबाइलने झूम करून फोटो काढले. तीन प्लग मस्त फिकट तपकिरी, कडा अजून धारदार. तिसऱ्या नंबरचा काढला तर आट्यांवर ऑइल आणि कॉइलचं रबर फुगून मऊ पडलेलं, पोटात धस्स झालं, म्हटलं पिस्टनच्या रिंग गेल्या. पण जळायचं टोक कोरडं होतं, म्हणजे ऑइल वरून उतरत होतं, टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) गॅसकेटमधून. गाडी चालताना काहीच कळलं नव्हतं बरं का, अजून दोन-तीन महिन्यांनी ही गळती कॉइलच घेऊन बसली असती. गॅसकेट आणि प्लगच्या खड्ड्यांचे सील बदलले, रबर सध्या पुसून तेच टाकलंय, पावसाळ्याआधी नवीन टाकीन.