अर्थिंगचे पैसे घेतले आणि सॉकेटमध्ये न्यूट्रलचा लूप मारून गेला, होम थिएटर बसवून घेणाऱ्यांनी नक्की वाचा

होम थिएटर बसवून देणाऱ्या एका माणसाने आमच्याकडून "डेडिकेटेड अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्शन" (सर्ज म्हणजे व्होल्टेज अचानक चढणं) असे वेगळे पैसे लावले आणि प्रत्यक्षात दोन्हीतलं काहीच केलं नाही. उलट आधी जे चांगलं अर्थिंग होतं तेही घालवून ठेवलं. पैशांचं दुःख आहेच पण सविस्तर लिहायचं कारण वेगळं आहे, त्याने जे केलं ते नेहमीच्या चेकिंगमध्ये सापडतच नाही, टेस्टर लावला तरी सगळं ओके दाखवतं.

आमच्या सबवूफरमधून सतत घूंऽऽ असा आवाज यायचा, सेटटॉप बॉक्सची केबल काढली की बंद, लावली की परत चालू. हा साधा ग्राउंड लूप असतो. म्हणजे केबलची बाहेरची जाळी एका जागी जमिनीला जोडलेली आणि सब त्याच्या थ्री पिन प्लगमधून दुसऱ्या जागी, दोन्हीकडच्या अर्थमध्ये थोडासा व्होल्टेजचा फरक असतो त्यामुळे जाळीतून करंट फिरतो आणि तो ५० हर्ट्झचा हम स्पीकरमधून ऐकू येतो. यावर उपाय म्हणजे कोएक्स केबलला (सेटटॉप बॉक्सला येते ती) आयसोलेटर, म्हणजे जाळीचा जोड तोडून फक्त सिग्नल पुढे जाऊ देणारा तुकडा, लावायचा, सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्यायची, बस. पण हा म्हणाला घराचं अर्थिंगच खराब आहे, थिएटरसाठी डीबीपासून (घराच्या मुख्य स्विच बोर्डापासून) वेगळी लाइन आणि वेगळी अर्थ वायर ओढावी लागेल आणि सोबत हा सर्जचा डबा घ्या. वेगळी लाइन घेणं तसं चुकीचं नाही, त्यामुळे बोलणं पटण्यासारखंच होतं.

काम झालं, हम गायब. मग त्याने खिशातून तीन दिव्यांचा तो छोटा प्लग टेस्टर काढला, सॉकेटमध्ये घातला, बरोबर वायरिंगचे दिवे लागले, झालं म्हणाला.

हे सगळं उघडकीला आलं ते सब जागेवरून हलवताना. मागची ऑडिओ केबल काढली होती आणि प्लग तसाच चालू होता, मागच्या पत्र्याला हात लागला तर चांगल्याच झिणझिण्या आल्या. पॉवर सप्लायमधल्या फिल्टर कपॅसिटरमधून बॉडीवर थोडा करंट येत असतो, अर्थ असेल तर तो निघून जातो, नसेल तर मीटरवर मेन्सच्या साधारण निम्मा व्होल्टेज दिसतो. त्याने जीव जात नाही पण अर्थ तुटलाय याची ती पक्की खूण आहे. म्हणून ओळखीच्या जुन्या वायरमनना बोलावलं. त्यांनी आधी सबचा प्लग बघितला, कंपनीचा मोल्डेड प्लग कापून बाजारातला थ्री पिन टॉप लावलेला होता, स्क्रू काढून उघडला तर हिरवी वायर आत कापून टेप गुंडाळून दुमडून ठेवलेली. हम गेला तो असा! लूप तुटला कारण सबचा अर्थच तोडला. आतमध्ये कधी फेज बॉडीला लागला असता तर पूर्ण पत्रा लाइव्ह, आणि तो करंट जाणार कुठून तर पातळ ऑडिओ केबलच्या जाळीतून नाहीतर हात लावणाऱ्या माणसातून.

मग त्या वायरमन काकांनी सॉकेटवर मीटर लावला. फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ पण २३०, न्यूट्रल-अर्थ शून्य. मला वाटलं सॉकेट तरी बरोबर आहे, ते म्हणाले थांबा, इस्त्री लावा शेजारी. इस्त्री चालू केली तरी शून्य. ही गोष्ट नीट समजून घ्या, लोड चालू असला की न्यूट्रलच्या वायरमध्ये थोडा व्होल्टेज ड्रॉप होतोच, त्यामुळे खरा अर्थ वेगळ्या वायरने आला असेल तर न्यूट्रल-अर्थमध्ये एखाददोन व्होल्ट दिसायला हवेत, लोड टाकूनही काटेकोर शून्य येत असेल तर दोन्ही तिथेच जोडलेत असा दाट संशय घ्यायचा. प्लेट खोलली तर न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर लाल वायरचा तुकडा. पाइपमधून हिरवी वायर आलेलीच नव्हती. तीन दिव्यांच्या टेस्टरला हे कळूच शकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने अर्थच्या भोकातून करंट परत जातोय म्हणजे अर्थ आहे.

यातला धोका लोकांना कळत नाही. डीबीमध्ये किंवा मध्ये कुठेही न्यूट्रल सैल झाला की उपकरणातून आलेला फेज न्यूट्रलवर, तिथून त्या तुकड्यातून अर्थ पिनवर, म्हणजे प्रोजेक्टर, अॅम्प्लिफायर, जे जे थ्री पिन आहे त्या सगळ्याच्या बॉडीवर २३० व्होल्ट. कुठली तक्रार नाही, फ्यूज उडत नाही, फक्त टीव्ही बंद पडल्यासारखा वाटतो आणि आपण बघायला जाऊन हात लावतो. आरसीसीबी (करंट बाहेर गळला की लाइन तोडणारा स्विच) असला तरी तो करंट माणसातून गेल्यावरच उडेल, त्याच्या आधी नाही. आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो उडाला म्हणजे अर्थ चांगला असं समजू नका, ते बटण अर्थ तपासतच नाही.

आता तो डबा. जड, काळा, पुढे "प्रोटेक्टेड" लिहिलेला लाल दिवा. उघडला तर एक एलईडी, एक रेझिस्टर, एक काचेचा फ्यूज आणि वजन यावं म्हणून तळाला स्क्रूने आवळलेली लोखंडी पट्टी. एमओव्ही एकही नाही. एमओव्ही म्हणजे झिंक ऑक्साइडची चकती, व्होल्टेज अचानक चढला की ती सर्ज बाजूला वळवते. सर्ज मायक्रोसेकंदांत येऊन जातो, काचेचा फ्यूज वितळायच्या आत नुकसान होऊन गेलेलं असतं. तो लाल दिवा फक्त लाइट आहे एवढंच सांगत होता. चांगल्या प्रोटेक्टरवर आयईसी ६१६४३-११ हे स्टँडर्ड, टाइप २ किंवा टाइप ३, किती किलोअँपियरचा सर्ज झेलतो, किती व्होल्टला क्लॅम्प करतो म्हणजे रोखतो हे छापलेलं असतं, आणि दिवा एमओव्ही जिवंत आहे का ते दाखवतो, कारण प्रत्येक सर्जला ती थोडी झिजते. टाइप २ डीबीत बसतो, टाइप ३ उपकरणाजवळ. पण फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थमधल्या चकत्यांना सर्ज ढकलायला खरा अर्थ लागतो, तो नसेल तर महागातला डबाही अर्धवटच. शिवाय केबल, डिश आणि लॅनच्या वायरीतून पण सर्ज येतो, एचडीएमआय पोर्ट अशानेच जातात. आणि वीज थेट पडली तर कुठलाच डबा वाचवत नाही, गडगडाट सुरू व्हायच्या आधी प्लग आणि अँटेना केबल दोन्ही काढून ठेवायच्या.

त्या माणसाला फोन केला तर म्हणे "हम गेला ना तुमचा?" नंतर म्हणाला मातीत एक वेगळा रॉड ठोकून फक्त ऑडिओसाठी अर्थ देतो, फुकट. हे पण घेऊ नका कुणी! समजा त्या रॉडचा रेझिस्टन्स २० ओहम आला तर फॉल्टमध्ये जेमतेम साडेअकरा अँपियर वाहणार, १६ अँपियरचा एमसीबी (करंट जास्त झाला की उडणारा स्विच) त्याला हलणारसुद्धा नाही, आणि जवळपास वीज पडली तर घराचा अर्थ आणि हा रॉड यांच्यात हजारो व्होल्टचा फरक येऊन तो सगळा आपल्या केबलींमधून जाणार. जादा रॉड घालायचाच तर तो घराच्या मुख्य अर्थला जोडलेलाच पाहिजे.

त्याच्या बिलावर फक्त "इलेक्ट्रिक काम व मटेरियल" लिहिलंय, त्यामुळे तो आता हात वर करतोय. अर्थ वायर किती एमएमची आणि कुठून कुठपर्यंत, प्रोटेक्टरचं मॉडेल, लोड टाकून घेतलेलं न्यूट्रल-अर्थ रीडिंग, हे बिलावर लिहून घ्या आणि प्लेट बंद करायच्या आधी आतला फोटो काढा. आमचं काम काकांनी हिरवी वायर ओढून परत केलं, कोएक्सला आयसोलेटर लावला, सबला नवीन प्लग लावून अर्थ जोडला. हम नाही. त्या लाल तुकड्याचे आणि उघडलेल्या डब्याचे फोटो घेऊन तक्रार टाकली आहे, डबा पण तसाच जपून ठेवलाय.